अडचणीच्या दिवसांत प्रार्थना कशी टिकवता? (रोजच्या कामातली ख्रिस्ती साधना)

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच. नवऱ्याला पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला तेव्हापासून घराचं सगळं वेळापत्रक विस्कटलंय. उजवी बाजू अजून नीट चालत नाही, बोलताना शब्द अडतात, व्यायाम, औषधं, मधेच त्याला रडू येतं, आणि माझी अर्धवेळ नोकरी आहेच. आधी माझी पहाटेची वेळ ठरलेली असायची, बायबल, वही, प्रार्थना, सगळं शांतपणे. ती वेळ आता उरली नाही. आणि वेळ मिळाला तरी मन लागत नाही, दोन वचनं वाचली की डोकं पुढच्या गोळीकडे जातं.

"देव सगळं ठीक करेल" हा दिलासा मला भरपूर मिळालाय, तो नकोय. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते विचारायचंय. वेगळा वेळ न काढता, हातातलं काम चालू असताना. निरंतर प्रार्थना करा असं प्रेषित पौल लिहितो (१ थेस्सलनीकाकरांस ५:१७), ते कुणी खरंच कसं जगतं? कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, सगळ्यांनी लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, फक्त धर्म खरा की खोटा हा वाद इथे नको.

अनवट
रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो. तोवर तुम्हा दोघांसाठी प्रार्थना.

सुकाणू
रानजाई, धागा चांगला काढलात. यावर पहिला माणूस आठवतो तो ब्रदर लॉरेन्स. १७व्या शतकातला, पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला. आधी सैनिक होता, लढाईत जखमी झाला, पाय कायमचा अधू. मठात त्याला स्वयंपाकघरात टाकलं आणि गंमत म्हणजे त्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा होता. त्याची पद्धत अगदी साधी होती. काम सुरू करताना देवाला सांगायचं की हे तुझ्यासाठी, जमवून दे. मधे मधे दोन शब्द बोलायचे. काम संपलं की बरं झालं असेल तर आभार, बिघडलं असेल तर क्षमा मागायची आणि तिथंच सोडायचं, कुढत बसायचं नाही. त्याला प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ असा फरक वाटेनासा झाला होता. पण तिथं पोचायच्या आधी सुमारे दहा वर्षं त्यानं आतून फार तळमळीत काढली, लोक हा भाग सांगत नाहीत आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १६९१ मध्ये वारला. विद्वान नव्हता, मोठ्या पदावर नव्हता, शेवटी शेवटी मठातल्या चपला दुरुस्त करायचा.

मी स्वतः एवढंच करतो की प्रत्येक काम बदलताना, म्हणजे एक संपून दुसरं सुरू होताना, एक वाक्य बोलतो. दिवसात कामं बदलतातच, त्यामुळे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

पानगळ
+१. "काम बदलताना" हे फार आवडलं. मी दाराची कडी लावताना म्हणते, बाहेर जाताना आणि आत येताना. स्तोत्र १२१ च्या शेवटी तुझं बाहेर जाणं आणि आत येणं परमेश्वर सांभाळील असं आहेच ना.

काजवा
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. ब्रदर लॉरेन्स मला पण आवडतात. पण मठात घंटा वाजली की काम थांबतं, जेवायला बसतात, झोपायची वेळ ठरलेली असते, बाजूला दहा जण सोबतीला असतात. घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बाईला घंटा नसते. तिला "तुझं काम हीच तुझी प्रार्थना" असं सांगितलं की ऐकायला छान वाटतं पण त्यातून मदत मागायची वाटच बंद होते. मी हे आईच्या आजारपणात जवळून बघितलंय. सगळे येऊन सांगायचे की तू किती पुण्याचं काम करतेयस, आणि एक जण म्हणायचा नाही की आज रात्री मी बसतो, तू झोप.

येशू स्वतः गर्दी सोडून एकांतात जायचा, लूक ५:१६ बघा, लोक बरे व्हायला येत होते तरी जायचा. आणि मोशेचं बघा. निर्गम १७ मध्ये हात वर धरून धरून थकला तर अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरले. पुढच्याच अध्यायात सासरा येऊन स्पष्ट सांगतो की हे चांगलं नाही, तू थकून जाशील, कामं वाटून दे. तर रानजाई, माझ्या मते पहिली साधना म्हणजे दोन माणसांना फोन करून आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घेणं. प्रार्थनेचा वेळ त्यातून मिळेल.

सुकाणू
@काजवा, राग कशाला. तुमचं म्हणणं पटतं. माझं वाक्य "कामच प्रार्थना आहे" असं नव्हतं, कामात प्रार्थना करता येते एवढंच. पण ऐकणारा थकलेला असेल तर त्याला पहिलंच ऐकू येतं हे खरं. निर्गमचे दोन अध्याय असे लागोपाठ आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मेंढपाळ
मी पाळक आहे, बरीच वर्षं आजारी माणसांच्या घरी आणि हॉस्पिटलात जाणं होतं. त्या अनुभवावरून लिहितो.

मन लागत नाही याचा अर्थ विश्वास कमी झाला असा नाही. माणूस दमलेला असतो. १ राजे १९ काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, भाकर आणि पाणी देतो, तो खातो आणि परत झोपतो. मग दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला देतो, कारण म्हणे वाट तुला झेपणारी नाही. होरेब डोंगर, तिथे देव मंद वाणीत बोलला तो प्रसंग, सगळं त्यानंतर. म्हणजे देवाने आधी जेवण आणि झोप दिली. संकटातल्या कुटुंबाला मी पहिल्या भेटीत हाच भाग वाचून दाखवतो आणि विचारतो की काल रात्री किती झोपलात.

दुसरं, विलापाची स्तोत्रं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात गाऱ्हाण्याची, आक्रोशाची स्तोत्रं सगळ्यात जास्त भरतील. उपासनेत आपण ती वाचत नाही, आनंदाचीच निवडतो, त्यामुळे लोकांना वाटतं देवाकडे तक्रार करणं पाप आहे. स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचं आहे, सुरुवातीलाच "किती वेळ" असं चार वेळा विचारलंय. तेवढं म्हणायला भांडी घासण्याइतकाही वेळ लागत नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते २२ वं स्तोत्र, माझ्या देवा माझा त्याग का केलास. प्रभूनेच ती भाषा वापरली म्हटल्यावर आपण का लाजायचं?

चाफेकळी
पाळकसाहेब, रोमकरांस ८:२८ बद्दल पण दोन शब्द लिहा ना. सगळ्या गोष्टी मिळून कल्याण करतात. माझ्या बाळाच्या वेळी लोकांनी हे वचन इतक्यांदा ऐकवलं की तो अध्याय उघडायची इच्छा राहिली नव्हती.

मेंढपाळ
@चाफेकळी, वाचून वाईट वाटलं. ते वचन खरं आहे, पण त्याच्या दोनच ओव्या आधी, ८:२६ मध्ये, पौल म्हणतो की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही आणि आत्मा स्वतः शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. आधी कण्हणं आलंय, मग कल्याण. दुःखातला माणूस २६ व्या ओवीवर असताना त्याला ओढून २८ व्या ओवीवर नेऊ नये, त्याच्याजवळ २६ वर बसावं.

टिटवी
सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प जमिनीवर बसले तोवर उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि पस्तीस अध्याय वाढले :)

अनवट
@टिटवी 😂 पुढच्या वेळी कुणी सांत्वनाला निघालं की हेच सांगणार.

आता माझं. मी ऑर्थोडॉक्स घरातला नाही पण येशूची प्रार्थना त्यांच्याकडून शिकलो. "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." एवढीच. श्वास आत घेताना पहिला अर्धा भाग, सोडताना दुसरा. नोकरी गेली त्या वर्षी झोप यायची नाही, रात्री छातीत धडधडायचं, तेव्हा मोठी प्रार्थना सुचायची नाही, कर्जाचे आकडेच दिसायचे. ही एक ओळ मात्र धरून ठेवता आली. मोजायची नाही, किती झाल्या वगैरे बघायचं नाही. मधेच मन भरकटलं की परत त्या ओळीवर यायचं, स्वतःवर चिडायचं नाही. पुढे नोकरी मिळाली, पण ती प्रार्थना सुटली नाही, आता रांगेत, सिग्नलला, कुणाची वाट बघताना आपोआप सुरू होते.

उंबरा
मला इथे एक शंका आहे, वाद म्हणून नाही. मत्तय ६:७ मध्ये प्रभू स्पष्ट सांगतो की परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं यात ते येत नाही का? आमच्याकडे लहानपणापासून शिकवलं की प्रार्थना स्वतःच्या शब्दांत, मनापासून. पाठ केलेलं म्हणजे तोंडाने एक आणि मनात दुसरं.

जाईजुई
@उंबरा, मी कॅथलिक आहे, आमच्यावर हा प्रश्न रोझरीवरून, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेवरून, नेहमीच येतो. तिथे प्रभू "व्यर्थ" आणि "फार बोलल्याने ऐकलं जाईल" या समजुतीबद्दल बोलतो असं मला वाटतं. कारण पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तो स्वतः तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, मत्तय २६:४४. आणि ते त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात कठीण रात्री. अंधळा बार्तीमय लोकांनी गप्प केलं तरी तेच तेच ओरडत राहिला, दावीदपुत्रा माझ्यावर दया कर, आणि येशू थांबला. अनवट यांची प्रार्थना बरीचशी तिथली आणि लूक १८ मधल्या जकातदाराची आहे.

आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला शब्द असावे लागतात हो. वडील गेले तेव्हा माझ्याकडे एकही नव्हता. जपमाळ हातात होती आणि पाठ असलेल्या प्रार्थना तोंडात. मन दुसरीकडेच होतं बहुतेक वेळ. पण त्या शब्दांनी मला उभं ठेवलं, आणि माझ्या आधी किती जणांनी तेच शब्द तशाच रात्री म्हटले असतील असं वाटून एकटं वाटलं नाही.

उंबरा
मत्तय २६:४४ चा मुद्दा बरोबर आहे, तो मी असा जोडून पाहिला नव्हता. तरी स्वतःच्या शब्दांची सवय सुटू नये असं वाटतं. पण दुःखात उसने शब्द चालतील, मान्य. शेवटी स्तोत्रं पण दुसऱ्याचेच शब्द आहेत.

वाळवंट
छोट्या प्रार्थनांचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटलं तेव्हा प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा पळून आफ्रिकेत आली. तिने तिथल्या बिशप ऑगस्टिनला विचारलं की मी प्रार्थना कशी करू. त्याने दिलेलं उत्तर आजही उपलब्ध आहे, पत्र क्रमांक १३०. त्यात तो इजिप्तमधल्या संन्याशांचा उल्लेख करतो की ते वारंवार पण अगदी छोट्या, बाणासारख्या सोडलेल्या प्रार्थना करतात, कारण लांबण लावली की लक्ष बोथट होतं. म्हणजे घरदार सुटलेल्या बाईने विचारलेल्या प्रश्नाला सोळाशे वर्षांपूर्वी हेच उत्तर मिळालंय. जॉन कॅशियन या त्याच काळातल्या संन्याशाने पण इजिप्तच्या संन्याशांकडून घेऊन एकच ओवी सतत म्हणायला सांगितलीय, स्तोत्र ७० ची पहिली, हे देवा मला सोडवायला ये, हे परमेश्वरा मला साहाय्य करायला त्वरा कर. तो म्हणतो ही सगळ्या प्रसंगांना चालते, भीती, आळस, राग, झोप न येणं, आनंद, काहीही. पुढे मठांमध्ये दिवसाच्या प्रत्येक प्रार्थनेची सुरुवातच या ओवीने व्हायला लागली.

नवखा
मी ख्रिस्ती नाही, वाचतोय फक्त. ही येशूची प्रार्थना आमच्या नामस्मरणासारखीच वाटली. तसंच आहे का?

अनवट
@नवखा, करायच्या पद्धतीत खूप सारखेपणा आहे, म्हणून तुम्हाला ओळखीचं वाटलं. माझ्यापुरता फरक असा की त्यात मी एका व्यक्तीकडे काहीतरी मागतोय, दया. मन शांत होतं, पण नाही झालं तरी मागणं पोचलं असं मी धरतो. बाकी जाणकारांनी सांगावं. आणि येत राहा.

रातराणी
मी नर्स आहे, रात्रपाळी जास्त असते. संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमात, सहाव्या शतकातला तो, झोपण्याआधीच्या प्रार्थनेला रोज तीच तीन स्तोत्रं नेमून दिलीत, ४, ९१ आणि १३४. रोज तीच, म्हणजे अंधारातही पाठ म्हणता यावीत असं मला वाटतं. यातलं १३४ माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटतं, तीनच ओव्या, रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून. रात्रीच्या राउंडला निघताना मी ते मनात म्हणते. मग प्रत्येक बेडपाशी फक्त त्या माणसाचं नाव देवापुढे घेते. बस. आजार सांगत नाही, काय कर ते सांगत नाही, नाव घेते आणि पुढे जाते. हात धुताना दुसऱ्याचं.

रानजाई, तुम्ही पण व्यायाम करून घेताना करून बघा. त्याचा हात उचलताना त्याचं नाव.

काजवा
रातराणी, हे माझ्या आक्षेपात बसत नाही आणि तरी मला खूप आवडलं. यात वेगळं ओझं नाही.

पानगळ
अवांतर: ज्यांना वाचायला डोळे उघडे ठेवणं जमत नाही त्यांनी बायबल ऑडिओवर ऐका. मला आधी वाटायचं ऐकणं म्हणजे शॉर्टकट. पण छपाई येण्याआधी बहुतेक ख्रिस्ती लोकांनी बायबल ऐकलंच आहे.

टिटवी
अवांतरात भर: ऑडिओ लावून झोपलं तर गणनेचं पुस्तक लावू नका, वंशावळ ऐकत ऐकत झोप लागते आणि सकाळी कुठल्या वंशात होतो ते शोधावं लागतं :)

सुकाणू
@टिटवी, झोप लागली ना, मग एलीयाच्या न्यायाने कार्य सिद्ध :)

शिदोरी
कुणी एक्झामेनबद्दल, म्हणजे प्रार्थनेत दिवसाची उजळणी करण्याबद्दल, लिहिलं नाही अजून. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२१ च्या लढाईत पायाला तोफगोळा लागून महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला होता, तिथूनच त्याचं आतल्या हालचालींकडे लक्ष जायला लागलं, कुठल्या विचाराने मन नंतरही ताजं राहतं आणि कुठल्याने कोरडं पडतं. त्याने सांगितलेली दिवसाची उजळणी थोडक्यात अशी: आधी आभार, मग देवाकडे प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने नजरेखालून घालायचा, मग क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एखादी गोष्ट ठरवायची. पंधरा मिनिटं पुरतात, दमला असाल तर पाच. आजारपणाच्या दिवसांत सगळं एकसारखं काळं वाटतं, पण तासातासाने पाहिलं की मधे काहीतरी सापडतं, नवऱ्याने आज एक शब्द नीट उच्चारला, शेजारीण येऊन बसली.

पण एक सावधगिरी. ज्यांना डिप्रेशन आहे त्यांच्यासाठी हे रात्री धोक्याचं होऊ शकतं, उजळणीची आरोपांची यादी होते. माझं तसं झालं तेव्हा माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टरनी सांगितलं की सध्या फक्त पहिला भाग कर, आभार, आणि तेही सकाळी. बाकी चार भाग बरं वाटेपर्यंत बाजूला. तेव्हाच त्यांनी डॉक्टरकडेही पाठवलं. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, पौलाच्या सोबत लूक होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, कलस्सैकरांस ४:१४.

चाफेकळी
शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन.

मेंढपाळ
माझंही. आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर प्रार्थना करत एकटं थांबू नका, लगेच कुणाला तरी सांगा, डॉक्टर, घरचं माणूस, पाळक, फादर, कुणीही. रात्री दोन वाजता फोन आला म्हणून कुठलाही बरा पाळक रागावणार नाही.

वाळवंट
तुरुंगातल्या प्रार्थनेबद्दल पण लिहायला हवं. बोनहोफर, जर्मन पाळक, हिटलरच्या विरोधातला. एप्रिल १९४३ ला पकडला, बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवला. तिथे त्याने रोजचं वाचन, स्तोत्रं, पाठ असलेली भक्तिगीतं यांचा क्रम सोडला नाही. आणि त्या वर्षीच्या नाताळला त्याने सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहून दिल्या. त्यातल्या सकाळच्या प्रार्थनेचा सूर असा की माझ्या आत अंधार आहे पण तुझ्यापाशी प्रकाश आहे, मी एकटा आहे पण तू मला सोडत नाहीस. अंधार आहे हे तो नाकारत नाही. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं. मला यातलं काय लागू पडतं तर त्याची साधना त्याला स्वतःपुरती राहिली नाही, शेजारच्या कोठडीतल्या माणसाच्या उपयोगी पडली.

जाईजुई
आपल्या भाषेतलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला, पदरात लहान मुलगी. पुढे शेकडो निराधार बायका-मुलींचा संसार चालवताना हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२१ मध्ये ती एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. शेवटच्या त्या महिन्यांतही भाषांतराचं काम त्यांनी हातचं सोडलं नाही. ओळीमागून ओळ, हे मला फार धीर देतं. मी हल्ली रोज एक ओवी हाताने वहीत उतरवते, एकच. जास्त नाही.

उंबरा
हाताने उतरवणं मस्त कल्पना. उद्यापासून.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. रडतही होते आणि टिटवीच्या पोस्टीवर हसलेही.

काय घेतलं ते सांगते. काजवा यांचं ऐकून नणंदेला फोन केला, ती शनिवारी संध्याकाळी येऊन बसणार आहे. मला मागायचा संकोच वाटत होता, ती म्हणाली मी कधीची वाट बघतेय तू सांगशील म्हणून. रातराणी यांचं नाव घ्यायचं सुरू केलंय, व्यायाम करून घेताना. काल मी मनात नाव घेत होते आणि हात जरा जोरात ओढला गेला तर तोच माझं नाव घेऊन ओरडला, स्पष्ट. आम्ही दोघं हसलो. येशूची प्रार्थना मला अजून जमत नाही, श्वासाकडे लक्ष गेलं की अस्वस्थ वाटतं, त्यामुळे स्तोत्र ७० ची ओवी घेतलीय, श्वासाशिवाय. एक्झामेन सध्या नको, शिदोरी यांनी सावधगिरी लिहिली ते बरं झालं.

एक प्रश्न मात्र राहिला आणि तोच खरा आहे बहुतेक. हे सगळं करताना मला काहीही वाटत नाही. पूर्वी प्रार्थनेत देव जवळ आहे असं वाटायचं, आता कोरडं. भिंतीशी बोलल्यासारखं. मग हे करण्याला अर्थ आहे का?

सुकाणू
माझ्या मते तेव्हाच जास्त अर्थ आहे. छान वाटतं म्हणून केलेली प्रार्थना आपल्यालाही काहीतरी देत असते. काही वाटत नसताना केलेली फक्त त्याच्यासाठी असते.

काजवा
@सुकाणू, मी परत आडवी येतेय. कोरडेपणाला लगेच वरची पायरी ठरवू नका. कधी कधी तो नुसता थकवा असतो. रानजाईंनी आधी दोन-तीन शनिवार नीट झोपून बघावं.

जाईजुई
दोन्ही असू शकतं. मदर तेरेसा यांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा सगळ्यांना धक्का बसला होता, कित्येक दशकं त्यांना आतून देवाची जवळीक जाणवत नव्हती आणि बाहेरून कुणाला पत्ताही नव्हता. काही लोक म्हणाले की मग हा ढोंगीपणा. मला उलटं वाटलं. रोज पहाटे उठून मिस्सा, प्रार्थना, आणि मग मरणाऱ्या माणसांची सेवा, हे त्यांनी काहीही न जाणवता केलं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासाठी इतकी वर्षं कोण उठतं?

मेंढपाळ
रानजाई, स्तोत्र ८८ वाचा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन असं म्हणतात. ८८ वळत नाही. अंधारातच संपतं. संपादकांनी ते काढून टाकलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. पण त्यातही कवी तीन वेळा म्हणतो की मी तुझा धावा करतो, आणि पहिल्याच ओवीत देवाला माझ्या उद्धाराच्या देवा अशी हाक आहे. भिंतीशी बोलल्यासारखं वाटत असूनही हाक मारणं थांबलेलं नाही. तुम्ही आज तिथे आहात. ती जागा बायबलमध्ये आहे, बायबलच्या बाहेर नाही.

आणि काजवा म्हणतात तेही खरं, झोपा.

रातराणी
आणि तुम्हाला वाटत नसेल तेव्हा दुसऱ्याने तुमच्या वतीने म्हणावं हाही मंडळी, म्हणजे चर्च, असण्याचा उपयोग आहे. मार्क २ मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं छप्पर उसकटून खाली सोडतात, येशू त्यांचा विश्वास पाहून बोलतो. त्या माणसाचा विश्वास किती होता ते लिहिलेलंच नाही.

रानजाई
रातराणी, हे वाचून थांबले. पक्षाघाताचा उतारा म्हणून मी तो अटॅकनंतर टाळतच होते.

पानगळ
मग आपण चौघं होऊया का? रात्री नऊला ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या ठिकाणी एक स्तोत्र म्हणायचं, रानजाई आणि त्यांच्या घरच्यांसाठी. रोज इथे येऊन हजेरी लावायची गरज नाही. कुठलं स्तोत्र घ्यायचं?

अनवट
मी आहे. नऊ म्हणजे नऊ.

उंबरा
मी पण.

नवखा
मला स्तोत्रं माहीत नाहीत पण नऊ वाजता शांत बसून तुमच्यासाठी चिंतन करेन, चालेल ना?

रानजाई
@नवखा, चालेल काय, आनंदाने.

वाळवंट
स्तोत्र रोज निवडत बसायला नको. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सगळी १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत, तारीख बघायची आणि त्या दिवसाची वाचायची. मूड असो नसो. त्यात चार तारखेच्या संध्याकाळी २२ आणि २३ एकत्र येतात, माझा त्याग का केलास आणि लगेच परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. सतरा तारखेला सकाळी ८८. संध्याकाळची घेतली तर नऊच्या वेळेला बसतील. फक्त पंधरा तारखेला ७८ आहे, ते ७२ ओव्यांचं आहे.

टिटवी
७२ ओव्या? पंधरा तारखेला मी पावणेनऊलाच सुरू करते :)

पानगळ
ठरलं मग, आजपासून, तारखेप्रमाणे संध्याकाळची. मोठं असेल तर ज्याला जेवढं जमेल तेवढं. वाळवंट, पूर्ण यादी टाका ना इथे, मी उतरवून दाराच्या कडीपाशी लावते.

वाळवंट
जेवण झाल्यावर टाकतो.